बेस गढूळ, पण माहोल एक नंबर: पणजीच्या पब गिगचं फॅन रेकॉर्डिंग

बँड पणजीचा, गिग पणजीतच, आणि रेकॉर्डिंग एका फॅनने हँडी रेकॉर्डरवर केलंय. मिक्सरवरून लाईन, म्हणजे बँडच्या साउंड सिस्टिममधून थेट आवाज, घेतलेली नाही हे लगेच कळतं कारण ग्लासांची किणकिण गिटारच्या पुढे आहे. तरी फोनपेक्षा खूपच बरं. फोनचा ऑटो गेन ड्रम वाजला की सगळंच दाबतो आणि जरा शांत झालं की परत वर खेचतो, ती कटकट इथे नाही, लेव्हल आधीच कमी ठेवलेली दिसते, त्यामुळे आवाज बारीक वाटला तर व्हॉल्यूम वाढवा बास.

बेस मात्र गढूळ आहे राव. माइक भिंतीला चिकटून असणार, खालच्या नोट्स नुसत्या घुमतात.

पण घरचं पब्लिक म्हणजे काय ते इथे ऐका! गायक कोंकणीत टोमणा मारतो, मागून कोणीतरी त्याहून भारी उत्तर देतो, मध्येच पत्र्यावर पाऊस सुरू होतो आणि पोरं वाजवतच राहतात. शेवटची दोन गाणी तर न थांबता एकात एक घुसवलीत, कारण उघड्यावरचे स्पीकर रात्री दहाला बंद हा नियम २००० सालापासून आहे आणि गोव्यात बाहेर वाजवणाऱ्यांना तो तोंडपाठ. ड्रमर टेम्पो पळवतोय ते स्पष्ट ऐकू येतं. मला तोच भाग सगळ्यात आवडला, स्टुडिओत असलं काही मिळणार नाही.

डाउनलोड करताना एमपीथ्री नको, फ्लॅक (आवाजातलं काही न कापता लहान केलेली फाइल) घ्या, टाळ्या आणि ड्रमच्या थाळ्या, म्हणजे सिंबल्स, एमपीथ्रीत फार किरकिरतात.