घरगुती हस्तवस्तूंच्या लेबलांसाठी छोटा थर्मल प्रिंटर: वापरानंतरचे परीक्षण

साबण, मेणबत्त्या, दागिने किंवा विणलेल्या वस्तू घरी तयार करून विकणाऱ्यांसाठी मोबाइलवरून चालणारे छोटे थर्मल लेबल प्रिंटर आता सहज मिळतात, आणि ‘शाईचा खर्च नाही’ हा त्यांच्या जाहिरातीतला ठळक मुद्दा असतो. मी वापरत असलेला प्रिंटर याच वर्गातला आहे: ब्लूटूथने जोडला जाणारा, हातात मावणारा आणि ४८ मिलिमीटर रुंदीपर्यंत छापणारा. जाहिरातीतला दावा खरा आहे, यात शाई लागतच नाही. परंतु शाईचे काम येथे कागदाकडे सोपवलेले असते, आणि या प्रिंटरचे गुण आणि मर्यादा दोन्ही तेथूनच येतात.

थर्मल कागदावर एक रंगहीन रंगद्रव्य आणि त्याला रंग आणणारे आम्लधर्मी रसायन यांचा पातळ थर असतो. प्रिंटरमधील बारीक तापक बिंदू कागदाला जेथे उष्णता देतात तेथे हे दोन घटक वितळून एकत्र येतात आणि काळा ठिपका उमटतो. छपाई संपली म्हणून हा थर निष्क्रिय होत नाही. नंतर लागलेली उष्णता कोऱ्या जागाही काळवंडून टाकते, तर ऊन आणि तेल यांमुळे उमटलेली अक्षरे फिकट होतात. त्यामुळे काचेच्या पेल्यातील मेणबत्तीवर हे लेबल लावू नये, कारण मेणबत्ती जळत असताना काच चांगलीच तापते. सुगंधी तेलाच्या बाटलीवर तर बाहेर ओघळलेला एखादा थेंबही नाव पुसून टाकायला पुरेसा असतो. वर संरक्षक थर असलेले रोल मिळतात आणि ते ओलावा व तेलकट बोटे बऱ्यापैकी सोसतात, म्हणून साधा रोल न घेता तेच घ्यावेत. बिस्फेनॉल ए (काही थर्मल कागदांत रंग आणण्यासाठी वापरले जाणारे, आरोग्याला घातक मानले जाणारे रसायन) नसलेला कागद निवडावा हेही येथेच सांगतो. युरोपीय संघाने २०२० पासून थर्मल कागदातील या रसायनावर कडक मर्यादा घातली आहे.

सोबतच्या ॲपमध्ये तयार चौकटी, फुले आणि नक्षी यांची रेलचेल आहे, पण त्यांतील बहुतेकांचा उपयोग वस्तू स्वस्त दिसण्यापलीकडे होत नाही. लेबलाची रचना दुसऱ्या एखाद्या प्रोग्राममध्ये करून तिची प्रतिमा ॲपमध्ये आणणे अधिक चांगले. मात्र त्यासाठी एक हिशेब पक्का हवा. हा प्रिंटर २०३ डीपीआयचा आहे, म्हणजे तो एका इंचात २०३, अर्थात एका मिलिमीटरमध्ये ८ ठिपके छापतो. म्हणून ४० बाय ३० मिलिमीटरच्या लेबलासाठी प्रतिमा नेमकी ३२० बाय २४० पिक्सेलची आणि निव्वळ काळ्या-पांढऱ्या रंगांतली असावी. मोठी प्रतिमा दिल्यास ॲप ती आपल्या पद्धतीने लहान करते आणि रेषांच्या कडा खरबरीत होतात. करड्या छटा या यंत्राला छापताच येत नाहीत; त्या विरळ ठिपक्यांनी भासवल्या जातात, म्हणून छायाचित्रांचा मोह टाळलेला बरा.

देवनागरीत हा हिशेब अधिक कठीण होतो. ८ पॉइंटच्या मजकुराला उभ्या दिशेने जेमतेम २२ ठिपके मिळतात, आणि तेवढ्यात वेलांटी, शिरोरेषा, मूळ अक्षर आणि खालचा उकार बसवायचा असतो. रफार आणि अनुस्वार एकत्र आले की त्यांचा एकच डाग होतो. १० पॉइंटच्या खाली जाऊ नये आणि फार बारीक किंवा फार ठळक वळणाऐवजी मध्यम जाडीचा टंक घ्यावा, असे माझे मत आहे. क्यूआर कोडलाही हाच नियम लागू पडतो. प्रत्येक बाजूला २५ चौकोन असलेल्या कोडभोवती दोन्ही बाजूंना ४ चौकोनांची मोकळी जागा धरली की रुंदी ३३ चौकोनांची होते, आणि प्रत्येक चौकोनाला ४ ठिपके दिल्यास कोड साडेसोळा मिलिमीटर जागा घेतो. तो ओढून ताणून मध्येच कोणत्यातरी मापाचा केला की चौकोन असमान होतात आणि मोबाइलला तो वाचणे जड जाते.

रंगीत दर्शनी लेबलासाठी ए४ आकाराचा स्टिकर कागद आणि घरचा इंकजेट किंवा लेसर प्रिंटर यांना अजून तरी पर्याय नाही. इंकजेटमध्ये पिगमेंट शाई (रंगाचे बारीक कण असलेली) पाण्याला बरीच टिकते, साधी डाय शाई (विरघळलेल्या रंगाची) पसरते. लेसरचा टोनर उष्णतेने कागदावर बसवला जात असल्याने ओल्या हातांची त्याला फारशी भीती नसते, परंतु केवळ इंकजेटसाठी बनवलेली प्लॅस्टिकची स्टिकर शीट लेसरमध्ये घातल्यास ती आत वितळून यंत्र बिघडू शकते. लेबले रकान्यांबाहेर सरकत असतील, तर छपाईच्या खिडकीत ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करून माप १०० टक्के ठेवावे. बहुतेक वेळा दोष तेथेच सापडतो.

म्हणून मी काम वाटून दिले आहे. वस्तूचे नाव आणि नक्षी असलेले पुढचे लेबल ए४ शीटवर, तर घटक, वजन, बॅच क्रमांक आणि तयार केल्याची तारीख असलेले मागचे किंवा तळाचे लेबल थर्मलवर छापतो. दर घाण्याला बदलणारा मजकूर, तोही हवी तेवढीच लेबले काढून, छापण्यात हा प्रिंटर खरोखर सरस आहे. दोन लेबलांमधील फट ओळखून तो अचूक थांबतो, आणि रोल बदलल्यावर एकदा माप जुळवून दिले की पुन्हा लक्ष घालावे लागत नाही. दागिन्यांच्या पुठ्ठ्यावर किंवा विणकामाच्या कागदी पट्टीवर तर फक्त थर्मल लेबलही चालून जाते, कारण तेथे तेल आणि उष्णता दोन्ही नसतात.

विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याला एक प्रश्न आवर्जून विचारावा: इतर कंपन्यांचे रोल यात चालतात का? काही प्रिंटर रोलमधील चिप वाचतात आणि ती नसेल तर छापण्यास नकार देतात. अशा यंत्रात वाचलेला शाईचा खर्च महागड्या रोलच्या रूपाने परत द्यावा लागतो, शिवाय हवा तो आकार किंवा संरक्षक थराचा कागद निवडण्याची मोकळीकही उरत नाही.