व्यसनोपचाराचा हक्क मागायचा कोणाकडे? नाशिकमधील गटांसाठी चार मार्गांचा तुलनात्मक आढावा

नाशिकजवळच्या शिंदे गावातील मेफेड्रोन (एमडी) या अमली पदार्थाचा कारखाना मुंबई पोलिसांनी ऑक्टोबर 2023 मध्ये उघडकीस आणला, तेव्हा नाशिकमध्ये मोर्चे निघाले, निवेदने दिली गेली आणि त्यांतील बहुतेकांचा रोख विकणाऱ्यांना पकडण्यावर होता. ती मागणी रास्तच होती. मात्र ज्या घरातला मुलगा आधीच एमडीच्या आहारी गेला होता, त्या घरापुढचे प्रश्न निराळे होते : त्याला न्यायचे कुठे, खर्च कोण सोसणार आणि उपचारासाठी नाव नोंदवले तर उद्या पोलीस दारात येणार नाहीत ना? उपचाराची सोय कायद्याने बांधून घ्यावी, असे ठरवलेले डॉक्टर, महिला मंडळे आणि कामगार संघटनांचे कार्यकर्ते आज चार मार्गांपाशी अडखळताना दिसतात. राज्य शासनाकडून नियम करून घ्यावेत, उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल करावी, अमली पदार्थांच्या केंद्रीय कायद्यात दुरुस्ती मागावी, की आरोग्यविम्यातील अडसर काढण्यासाठी झटावे? हाताशी पंधरा-वीस माणसे आणि एखादे वर्ष असेल, तर चारही आघाड्यांवर लढणे शक्य नसते.

निवड करण्याआधी हातात काय आहे ते पाहावे. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 2018 पासून अमलात आहे आणि त्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा स्पष्ट समावेश आहे. या कायद्याच्या कलम 18 ने शासकीय किंवा शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या सेवांमधून उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जिल्ह्यात किमान सेवा उपलब्ध नसतील तर रुग्णाला त्याच जिल्ह्यातील अन्य मानसिक आरोग्य सेवा घेता येते आणि तिचा खर्च शासनाने सोसायचा असतो. त्या खर्चाच्या परताव्यासाठी जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याकडे अर्ज करण्याची तरतूद 2018 च्या नियमांत आहे. म्हणजे हक्क कागदावर आहे, तरीही सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या दर 38 जणांपैकी केवळ एकाने कोणत्याही स्वरूपाची मदत मिळाल्याचे सांगितले. या दोन गोष्टींमधील अंतर कोणता मार्ग लवकर कमी करतो, हीच तुलनेची कसोटी असावी, असे मला वाटते.

पहिला मार्ग राज्याच्या नियमांचा आहे. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा राज्यसूचीतील विषय आहे, आणि 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने (एनडीपीएस) कलम 71 व 78 अन्वये उपचार केंद्रे काढण्याचे व त्यांच्यासाठी नियम करण्याचे अधिकार राज्यांनाही दिले आहेत. हरियाणाने 2010 मध्ये आणि पंजाबने 2011 मध्ये असे नियम केले. पंजाबची वाटचाल आपण मुद्दाम अभ्यासावी, कारण तिथे आधी केंद्रांना शिस्त लावण्यावर भर होता आणि ऑक्टोबर 2017 पासून बाह्यरुग्ण उपचार दवाखाने सुरू झाले, तेव्हा भरती न होताही औषध मिळण्याची सोय झाली. तो नमुना मात्र जसाच्या तसा उचलता येणार नाही. पंजाबातील दवाखाने अफूवर्गीय व्यसनासाठीच्या ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोनच्या गोळीभोवती उभे आहेत; आपल्याकडे पहिला क्रमांक दारूचा आहे, मालेगावात अल्प्राझोलम या गुंगी आणणाऱ्या औषधाची ‘कुत्ता गोळी’ आहे आणि शहरात एमडी आहे, ज्यावर अशी पर्यायी गोळी उपलब्धच नाही. त्यामुळे नाशिकमधून जाणाऱ्या मसुद्यात समुपदेशक, झटके आणि भ्रम यांसारख्या दारू सुटतानाच्या त्रासासाठी तालुका पातळीवर खाटा आणि घरी परतल्यानंतरचा पाठपुरावा यांना गोळ्यांपेक्षा अधिक जागा द्यावी लागेल.

या मार्गातला धोकाही सांगायला हवा. ओळखीच्या एका कुटुंबासोबत मी शहराबाहेरच्या एका खासगी केंद्रात गेलो होतो. पत्र्याच्या शेडमध्ये एकाला एक लागून गाद्या टाकलेल्या होत्या, दाराला बाहेरून कुलूप होते आणि नोंदवहीत रुग्णाचे नाव, आणून सोडणाऱ्याचा मोबाइल क्रमांक व आगाऊ रक्कम एवढेच तीन रकाने होते. डॉक्टरांच्या सहीसाठी रकानाच नव्हता. मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे अशा आस्थापनेची नोंदणी सक्तीची आहे आणि नोंदणीशिवाय ती चालवल्यास पहिल्या वेळी 5,000 ते 50,000 रुपये दंड आहे. त्या शेडला टाळे लागावे, असे त्या क्षणी मलाही वाटले. परंतु रुग्णाची आई दुसऱ्याच चिंतेत होती : हे बंद झाले तर एवढ्या पैशांत याला ठेवणार कुठे? निव्वळ कडक नियमांची मागणी केली तर स्वस्त केंद्रे बंद पडतात, महागडी टिकतात आणि रुग्ण घरीच राहतो. म्हणून नियंत्रण आणि सोय या दोन्ही गोष्टी एकाच मसुद्यात मागाव्यात, आणि शासकीय खाटा वाढण्याची मुदत त्यात आकड्यानिशी लिहून घ्यावी. हा मार्ग चालवण्याची साधनेही जवळची आहेत. आपल्या आमदारांमार्फत लक्षवेधी सूचना मांडता येते, तारांकित प्रश्न विचारता येतो आणि विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीकडे जाता येते.

जनहित याचिकेचा मार्ग याच्या शेजारी ठेवून पाहिला तर त्याचे बळ आणि मर्यादा दोन्ही कळतात. नाशिक जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य पीठाकडे असल्याने दर तारखेला मुंबई गाठावी लागते; वकील फी घेणार नसले तरी कागदपत्रे, प्रतिज्ञापत्रे आणि प्रवास यांत वर्ष सहज सरते. न्यायालय शासनाला जाब विचारू शकते, मुदत घालू शकते. मुलांमधील व्यसनांबाबत सर्वोच्च न्यायालयाने 14 डिसेंबर 2016 रोजी राष्ट्रीय पाहणी आणि कृती आराखड्याचे निर्देश दिले होते, हे त्याचे ठळक उदाहरण होय. पण वर्तमानपत्रातील कात्रणांवर उभी केलेली याचिका फार दूर जात नाही. अमुक तारखेला अमुक रुग्णाने उपचार मागितला, त्याला लेखी नकार मिळाला किंवा परताव्याच्या अर्जाला उत्तरच आले नाही, असे पुरावे हवेत, आणि ते आजमितीस बहुतेक गटांकडे नाहीत. सिंहस्थाच्या तयारीत गुंतलेले प्रशासन पोच न देताच अर्ज ठेवून घेईल, अशीही शक्यता आहे. तेव्हा अर्ज आवक-जावक विभागात द्यावा आणि शिक्का घेतल्याशिवाय हलू नये.

केंद्रीय कायद्यातील दुरुस्तीविषयी थोडक्यात. एनडीपीएसच्या कलम 64अ प्रमाणे सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणातील अमली पदार्थाच्या गुन्ह्यातील व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घ्यायला तयार झाली, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते. तरतूद चांगली आहे, अपुरीही आहे, आणि तिची व्याप्ती वाढवावी ही मागणी योग्यच आहे. परंतु संसदेत अशासकीय (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले) विधेयक मंजूर होऊन कायदा झाल्याचे शेवटचे उदाहरण 1970 चे आहे, आणि दारू तर या कायद्याच्या कक्षेतच येत नाही. खासदारांना पत्र द्यावे, वर्ष त्यात घालवू नये. आहे त्याच कलमाचा लाभ मिळवून देण्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. अमली पदार्थांच्या व्यसनात अडकलेल्यांना कायदेविषयक साहाय्य देण्याची राष्ट्रीय योजना 2015 पासून आहे.

विम्याचा मार्ग मला सुरुवातीला दुय्यम वाटत असे. सातपूरच्या एका कामगाराला दारू सोडताना झटके आले आणि चार दिवस अतिदक्षता विभागात ठेवावे लागले, तेव्हा विमा कंपनीचे जे पत्र आले ते मी वाचले : दावा नामंजूर, कारण वगळणी (विम्यातून वगळलेली बाब) क्रमांक 12. विमा नियामकाने 2019 मध्ये ठरवून दिलेल्या प्रमाणित वगळणींमध्ये मद्यासक्ती व अमली पदार्थांवरील उपचार याच क्रमांकाखाली येतात. दुसरीकडे 2017 च्या कायद्याचे कलम 21 मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमा द्या असे सांगते, आणि त्याच कायद्याच्या व्याख्येत व्यसन येते. हा अंतर्विरोध इतका उघड आहे की, तो दाखवायला फार मोठी फौज लागत नाही. नियामकाकडे मुद्देसूद निवेदन आणि नाकारलेल्या दाव्यांच्या प्रती पुरेशा आहेत. संसदेची गरज नाही, परिपत्रकाने काम भागते. मर्यादा एवढीच की, लाभ विमा असलेल्यांनाच मिळेल. मालेगावच्या यंत्रमागावरील कामगाराला किंवा दिंडोरीच्या द्राक्षबागेतील मजुराला त्याचा उपयोग नाही.

माझा कौल म्हणूनच राज्याच्या नियमांच्या बाजूने आहे, पण सुरुवात विधानभवनापासून करू नये. पहिल्या चार महिन्यांत परताव्याचे निदान वीस अर्ज कुटुंबांच्या संमतीने भरावेत. मुख्य वैद्यकीय अधिकारी या नावाचे पद आपल्या व्यवस्थेत रूढ नसल्याने ते जिल्हा शल्यचिकित्सकांना उद्देशून लिहावेत आणि प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी. पैसे मिळाले तर त्या घरांचे काम झाले. नाही मिळाले तर तीच वीस प्रकरणे, नावे झाकून, आमदारांच्या लक्षवेधीला जोडता येतील आणि तिथेही दाद लागली नाही तर दुसऱ्या वर्षी याचिकेची परिशिष्टे म्हणून वापरता येतील. ज्या गटात बहुसंख्य कारखान्यांतील कायम कामगार आहेत, त्याने मात्र विम्यापासून सुरुवात करणे अधिक शहाणपणाचे ठरेल. हिवाळी अधिवेशन डिसेंबरमध्ये नागपूरला भरते. ते गाठायचे असेल तर अर्जांचे काम पावसाळ्यापूर्वी सुरू व्हायला हवे, कारण द्राक्षाच्या छाटणीचा हंगाम आला की ग्रामीण भागातील कुटुंबांना कागदपत्रांसाठी नाशिकच्या खेपा घालणे जमत नाही.