तारे गाळणीचे, गळ्यात मारली कढई

ऑनलाइन भांडी घेत असाल तर नावाखाली दिसणारे तारे नेमके कशाचे आहेत, हे आधी बघा.

मी ट्रायप्लायची २६ सेंटीमीटरची कढई मागवली. पानावर तारे भरघोस, अभिप्राय ढीगभर. आली ती साध्या स्टीलच्या पत्र्याची, बुडाला फक्त चकती बसवलेली. ट्रायप्लायमध्ये स्टील, मध्ये अ‍ॅल्युमिनियम, पुन्हा स्टील असे थर बुडापासून काठापर्यंत असतात, म्हणून कडेलाही आच सारखी लागते. इथे चकतीची कड बोटाला लागत होती आणि पहिल्याच पोह्यांना चकतीबाहेर काळं कडं धरलं. विक्रेता म्हणतो, "शीर्षकातला ट्रायप्लाय शब्द २० सेंटीमीटरच्या व्हेरिएशनसाठी, म्हणजे त्या मापाच्या पर्यायासाठी आहे." बदलून मागितली, तर तसलीच दुसरी पाठवली.

मग अभिप्राय जुन्यापासून वाचत आलो. "चहा मस्त गाळला जातो." "जाळी बारीक आहे." कढईत चहा गाळणारे हे लोक कोण?

प्रकार असा. कॅटलॉगमध्ये एक 'पेरेंट' नोंद असते, ती स्वतः विकली जात नाही. तिच्याखाली माप-रंगाप्रमाणे 'चाइल्ड' नोंदी जोडतात आणि बऱ्याच दुकानांत या सगळ्यांचे तारे एकत्र मोजले जातात. शर्टासाठी हे ठीकच आहे, कापड तेच असतं. पण या महाशयांनी जुन्या, चांगल्या खपलेल्या गाळणीच्या कुटुंबात कढया दत्तक दिल्या होत्या. माझी कढई तर चक्क 'रंग' या पर्यायाखाली होती. रंगाचं नाव काय, तर 'कढई २६ सेमी'!

ही युक्ती नवी नाही. अमेरिकेत फेब्रुवारी २०२३ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने याच कारणावरून व्हिटॅमिनच्या गोळ्या विकणाऱ्या 'द बाउंटीफुल कंपनी'वर कारवाई केली. अ‍ॅमेझॉनवर नवी उत्पादनं खपणाऱ्या उत्पादनांची व्हेरिएशन म्हणून जोडली होती. ६ लाख डॉलर भरावे लागले.

बऱ्याच ठिकाणी प्रत्येक अभिप्रायाखाली बारीक करड्या अक्षरांत माप किंवा रंग लिहिलेला असतो. तुमच्या मापाचे तेवढेच वाचा. ग्राहकांनी टाकलेले फोटो बघा. आणि पैसे भरण्याआधी आपला पर्याय निवडलेल्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. मी तक्रार केल्यावर नोंदी वेगळ्या केल्या गेल्या आणि ऑर्डरमधली लिंक भलत्याच पानावर जाऊ लागली. स्क्रीनशॉट नसता तर बोलणंच खुंटलं असतं.

विक्रेत्याशी वाद घालण्यात वेळ दवडू नका. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार दुकानाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. त्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर देणं बंधनकारक आहे, फक्त शोधावं लागतं. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मला पैसे तिथे तक्रार नोंदवल्यावरच परत मिळाले. विक्रेता अजून तिथेच आहे, कढई आता एका डब्याच्या कुटुंबात नांदते आहे.