जुने पीसी आणि लिनक्स मिंट: आयटीच्या पूर्वतयारी वर्गात ८ महिने वापरल्यानंतर

वर्ग ८ आठवड्यांचा, रोज दीड तास. येणारी मुलं बहुतेक दहावी झालेली, अकरावीला आयटी घेणारी. थोडी बारावीनंतर बीएस्सी आयटीला निघालेली. त्यांच्यासाठी १२ रिफर्बिश्ड मिनी पीसी घेतले आणि त्यांतल्या बहुतेकांवर लिनक्स मिंट २२ (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) ची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकली. आतापर्यंत ४ तुकड्या या यंत्रांवर शिकून गेल्या. निकाल आधीच सांगून टाकतो: पूर्वतयारीसाठी ही जोडी फार चांगली आहे. शेवटचे २ आठवडे मात्र विंडोजवर घ्यावेच लागतात.

यंत्रं ६व्या पिढीच्या इंटेल आय५ ची, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा ८व्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. त्यामुळे ऑफिसांमधून निघालेली अशी धडधाकट यंत्रं बाजारात भरपूर मिळतात. घेताना दुकानातच बायोस (यंत्र सुरू होतानाची मूळ सेटिंग्ज) उघडून पाहा. तिथे जुन्या कंपनीचा पासवर्ड असेल तर तो काढून मागा, नाहीतर पेनड्राइव्हवरून बूट करतानाच अडाल. एसएसडीची तब्येत मिंटच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (मिंट न बसवता थेट त्यावरूनच चालवून) ‘डिस्क्स’ या प्रोग्रॅममध्ये दिसते. मिनी पीसीला बऱ्याचदा फक्त डिस्प्लेपोर्ट असतो आणि आपले जुने मॉनिटर व्हीजीएचे, म्हणून कन्व्हर्टर त्याच वेळी घ्या. आणि घड्याळाचा सेल, सीआर २०३२, सरसकट सगळ्यांचा बदला. तो मेलेला असला की वीज जाऊन आल्यावर यंत्राची तारीख काही वर्षं मागे जाते, आणि नेटवरून वेळ जुळेपर्यंत फायरफॉक्स प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणतो. मुलांना वाटतं नेट बंद आहे. खरं कारण छोट्याशा सेलमध्ये असतं.

सगळं आधी एका यंत्रावर बसवायचं आणि मग क्लोनझिलाने (पूर्ण डिस्कची नक्कल करणाऱ्या साधनाने) बाकीच्यांवर उतरवायचं. क्लोननंतर प्रत्येकाचं होस्टनेम (नेटवर्कवरचं नाव) बदला. टाइमशिफ्टचा (यंत्राची त्या क्षणाची स्थिती साठवणाऱ्या प्रोग्रॅमचा) एक स्नॅपशॉट लगेच घेऊन ठेवा. कुणी पॅनेल उडवलं, सेटिंग बिघडवलं तर १० मिनिटांत यंत्र पूर्ववत होतं. टाइमशिफ्ट सहसा होम फोल्डरला हात लावत नाही, त्यामुळे मुलांचं काम सुरक्षित राहतं, पण त्याचा बॅकअपही होत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. प्रत्येक मुलाला स्वतंत्र खातं द्या, ॲडमिनचा हक्क न देता. गेस्ट सेशन सोपं वाटतं, पण लॉगआउट होताच त्यातल्या फाइली पुसल्या जातात. शिकणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे अजिबात चालणार नाही.

आता मुख्य मुद्दा. आयटीला जाणाऱ्या मुलाला आधी प्रोग्रॅमिंग शिकवावं असं पालकांना वाटतं. प्रत्यक्षात मूल अडतं ते फाइलवर. ही मुलं मोबाइलवर वाढली आहेत. ‘फाइल कुठे आहे?’ विचारलं की उत्तर येतं, ‘वर्डमध्ये’, ‘गॅलरीत’, ‘व्हॉट्सॲपवर’. फोल्डरच्या आत फोल्डर आणि त्यातून तयार होणारा पत्ता ही कल्पनाच नवी असते. म्हणून पहिले २ आठवडे फक्त फाइल, फोल्डर, पाथ आणि कीबोर्ड. सराव साधा आहे: एका फोल्डरमध्ये ‘पाने’ आणि ‘चित्रे’ असे दोन फोल्डर करायचे, नावं इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. ‘पाने’मध्ये एक एचटीएमएल फाइल, ‘चित्रे’मध्ये मोबाइलवरून आणलेला एक फोटो. आता तो फोटो पानावर दाखवायचा. ‘पाने’तून आधी एक पायरी वर यायचं, मग ‘चित्रे’त उतरायचं; म्हणजे पाथच्या सुरुवातीला दोन टिंबं आणि एक तिरपी रेघ. हे ज्याला कळलं त्याचं निम्मं काम झालं.

इथे लिनक्सचा खरा फायदा दिसतो. मोबाइलने फोटोचं एक्स्टेन्शन मोठ्या अक्षरांत दिलेलं असतं आणि मुलाने एचटीएमएलच्या टॅगमध्ये लहान अक्षरांत लिहिलेलं असतं. विंडोजवर फोटो दिसतो, चूक लपून राहते. मिंटवर फोटोच्या जागी तुटक्या चित्राची खूण येते, कारण लिनक्स ही दोन वेगळी नावं मानतं. वेबसाइट जिथे ठेवल्या जातात ते सर्व्हर बहुधा लिनक्सचेच असतात, तेव्हा ही सवय पहिल्याच आठवड्यात लागलेली बरी. झिपचंही असंच: झिप न सोडवता आतलं पान उघडलं की मजकूर येतो, चित्रं येत नाहीत. झिप आधी बाहेर काढायला लावा, मग उघडू द्या.

दुसरी हमखास चूक अवतरणचिन्हांची. मूल कोड लिब्रेऑफिस रायटरमध्ये टाइप करतं किंवा कुणीतरी पाठवलेल्या मेसेजमधून उचलतं. रायटर सरळ अवतरणचिन्हांची वाकडी, छापील वळणाची चिन्हं करून टाकतो. पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) अशा ओळीवर थांबतो आणि ‘इनव्हॅलिड कॅरॅक्टर’ म्हणून चिन्हाचा नंबरही सांगतो: यू अधिक २०१सी. एचटीएमएल मात्र काहीच बोलत नाही. ती वाकडी चिन्हं फाइलच्या नावाचाच भाग धरली जातात आणि त्या नावाची फाइल अर्थातच सापडत नाही. पडद्यावर दोन्ही चिन्हं जवळजवळ सारखी दिसतात, म्हणून फॉन्ट २४ पॉइंटचा करून शेजारी शेजारी दाखवा. कोडसाठी फक्त मिंटचा साधा एडिटर एक्सेड किंवा थॉनी (पायथन शिकण्यासाठीचा एडिटर), रायटर नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवला तर बराच वेळ वाचतो.

मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट लेआउट जोडला आहे आणि मुलं तो आवडीने वापरतात. एकच अडचण: लेआउट मराठीवर राहिला आणि पडदा लॉक झाला, की पासवर्ड चुकतो. टाइप केलेली अक्षरं दिसत नसल्याने कारण कळत नाही. लेआउटची खूण पॅनेलवर कायम ठेवा आणि उठण्याआधी इंग्रजीवर आणायची सवय लावा.

पायथनला ३ आठवडे दिले आहेत, थॉनीमध्ये. ‘व्ह्यू’मधून व्हेरिएबल्सची चौकट कायम उघडी ठेवा. मूल ५ आणि ७ देतं आणि बेरीज ५७ येते, तेव्हा त्या चौकटीत ५ च्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं दिसतात. इनपुटला इंटमध्ये (पूर्ण संख्या करून देणाऱ्या फंक्शनमध्ये) घातलं की चिन्हं जातात आणि उत्तर १२ येतं. स्ट्रिंग आणि संख्येतला फरक इतका स्वच्छ दाखवणारं दुसरं साधन माझ्या पाहण्यात नाही. टर्टलचा (चित्रं काढणाऱ्या मॉड्यूलचा) धडा घेताना मुलं स्वतःच्या फाइललाही टर्टल हेच नाव देतात. मग पायथन मूळ मॉड्यूलऐवजी मुलाचीच फाइल उचलतो आणि एरर येते. फाइलचं नाव बदललं की झालं. पिपने (पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाने) काही बसवायला गेलात तर मिंट ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ म्हणून अडवतं. त्यासाठी व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट (पॅकेजेससाठी वेगळी जागा) करावं लागतं. पूर्वतयारीत मॅथ, रँडम आणि टर्टल पुरतात, त्या वाटेला जाऊच नका.

राज्य मंडळाच्या बारावी आयटीत एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्टबरोबर पीएचपी (सर्व्हरवर चालणारी भाषा) आहे. त्याची फक्त ओळख एका आठवड्यात करून दिली जाते. अपाची हा वेब सर्व्हर बसवला तर पानं वार-डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-एचटीएमएल या फोल्डरमध्ये ठेवावी लागतात. तो रूटच्या (ॲडमिनच्या) मालकीचा, त्यामुळे सेव्ह करताना ‘परमिशन डिनाइड’ येतं. त्यापेक्षा पीएचपीचा स्वतःचा छोटा सर्व्हर मुलाच्याच फोल्डरमधून ८००० पोर्टवर सुरू करा. मुलं फाइलवर डबल क्लिक करून पान उघडतात आणि उत्तर दिसत नाही म्हणून गोंधळतात. तेव्हा ॲड्रेस बारकडे बोट दाखवा: तिथे ‘फाइल’ने सुरू होणारा पत्ता आहे की ‘एचटीटीपी’ने? पहिल्यात मध्ये सर्व्हर नाहीच, मग पीएचपी चालवणार कोण?

आता उणिवा. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही, तेव्हा कॉमर्सच्या मुलांना ही लॅब अपुरी पडते. वायफायवर १२ यंत्रं एकदम अडखळतात. १६ पोर्टचा स्विच आणि तारा घ्या. प्रोसेसर थंड ठेवणारी जुनी थर्मल पेस्ट वाळलेली असते. पंखा सतत घरघरत असेल तर पेस्ट बदला, आणि दर ३ महिन्यांनी ब्लोअर मारा.

सगळ्यात मोठी मर्यादा यंत्रांची नाही, परीक्षेची आहे. ज्युनिअर कॉलेजांच्या लॅब बहुधा विंडोजवर चालतात आणि बारावी आयटीची बोर्डाची परीक्षाही संगणकावरच होते. शेवटच्या २ आठवड्यांत विंडोजवर पहिलं काम म्हणजे एक्सप्लोररमध्ये फाइल एक्स्टेन्शन दिसतील असं करणं. नाहीतर नोटपॅडमध्ये सेव्ह केलेल्या एचटीएमएल फाइलला मागे टीएक्सटी चिकटतं आणि ते दिसतही नाही. मग एक्सॅम्प (विंडोजवर अपाची आणि पीएचपी एकत्र देणारं पॅकेज) आणि पानं ठेवायचा त्याचा एचटीडॉक्स फोल्डर. १२ पैकी २ यंत्रांवर विंडोज १० ठेवलं आहे, सपोर्ट संपल्याने नेट न जोडता. दोन यंत्रं कमी पडतात. मुलांना पाळीने २०-२० मिनिटं मिळतात आणि एक्सॅम्प समजण्याआधीच उठावं लागतं. पुढच्या तुकडीपासून ४ यंत्रं विंडोजची असतील.