जुन्या मारुती 800 चा गिअरबॉक्स : तिरपे दात ठेवावेत की सरळ दात बसवावेत?

1983 च्या अखेरीस रस्त्यावर आलेली आणि जानेवारी 2014 मध्ये उत्पादन थांबलेली मारुती 800 खानदेशात अजूनही बऱ्याच अंगणांत उभी दिसते. दुसरा गिअर टाकताना करकर होते म्हणून तिचा गिअरबॉक्स उतरवला जातो, आणि तो मिस्त्रीच्या टेबलावर सुटा झाला की मालकाच्या मनात विचार येतो : खोललाच आहे, तर स्पर्धेच्या गाड्यांसारखे सरळ दातांचे गिअर का बसवू नयेत?

दोन्हींतला फरक ओळखण्यासाठी गाडी रिव्हर्समध्ये घालावी. या गाडीचे पुढे जाण्याचे सर्व गिअर तिरप्या दातांचे, म्हणजे हेलिकल असतात. रिव्हर्सचे दात मात्र सरळ असतात, म्हणून मागे घेताना तो ओळखीचा रडका सूर निघतो. ‘गाडी रडस’ असे आमच्याकडे अहिराणीत म्हणतात, ते याच आवाजाला. तिरपा दात एका टोकापासून हळूहळू भिडतो, तर सरळ दात आपल्या पूर्ण रुंदीने एकदम भिडतो. वीस दातांचा गिअर मिनिटाला 3000 फेऱ्या घेत असेल, तर ही धडक सेकंदाला 1000 वेळा होते, आणि हा सूर माणसाच्या कानाला अगदी स्पष्ट ऐकू येतो.

सरळ दात अधिक मजबूत असतात, हा समज अर्धाच खरा आहे. पोलाद आणि रुंदी सारखीच ठेवली, तर हेलिकल जोडीत एका वेळी अधिक दातांवर भार वाटला जातो, म्हणून कमकुवतपणाचा आरोप तिच्यावर करता येत नाही. स्पर्धेच्या संचांची ताकद मुख्यतः उंची पोलाद, चांगली उष्णता-प्रक्रिया आणि जाड दात यांतून येते. सरळ दातांचा खरा फायदा वेगळा आहे : हेलिकल दात शाफ्टला, म्हणजे गिअर बसवलेल्या दांड्याला, बाजूने ढकलतात, आणि दातांचा कोन 30 अंश असेल तर हा आडवा जोर फिरवणाऱ्या जोराच्या सुमारे 58 टक्के भरतो. तो बेअरिंगांना आणि कवचाला सोसावा लागतो; सरळ दातांत तो जवळजवळ नसतोच.

येथे एक मेख आहे, आणि ती गिअर विकणारा सहसा सांगत नाही. हेलिकल गिअर असलेल्या शाफ्टवर दातांचा कल असा ठेवण्याची रीत आहे की, गिअरचा आडवा जोर आणि डिफरन्शियल (चाकांना शक्ती वाटून देणारा भाग) फिरवणाऱ्या पिनियनचा, म्हणजे त्याच शाफ्टवरच्या लहान गिअरचा, आडवा जोर एकमेकांना काही अंशी तोलून धरतील. फक्त चार गिअरच्या जोड्या सरळ केल्या आणि पिनियन व डिफरन्शियलची शेवटची जोडी हेलिकलच राहिली, तर पिनियनचा जोर तोलायला समोर कोणीच उरत नाही.

सरळ दातांमुळे होणाऱ्या शक्तीच्या बचतीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. एका जोडीमागे ती फार तर टक्काभर असते, आणि सुमारे 39 अश्वशक्तीच्या इंजिनात एक टक्का म्हणजे अर्धी अश्वशक्तीही नव्हे.

आवाजाचा अनुभव मात्र मी स्वतः घेतला आहे. स्पर्धेसाठी सजवलेल्या अशाच एका 800 मधून मी धुळ्याहून जळगावला आलो. मे महिना असल्याने खिडक्या बंद करण्याचा प्रश्नच नव्हता. पारोळ्यापर्यंत आम्ही ओरडून बोललो, पुढे बोलणेच सोडले, आणि एरंडोलला चहा घेताना माझ्या कानात तोच सूर चालू होता. मालक मात्र खूश होता, हेही नोंदवले पाहिजे.

सरळ दात आणि डॉग गिअरबॉक्स यांची गल्लत करू नये. सरळ दातांबरोबर सिंक्रो रिंग (गिअर पडण्याआधी दोन्ही भागांचा वेग जुळवणाऱ्या कड्या) ठेवता येतात, आणि मग गिअर पूर्वीसारखेच सहज पडतात. डॉग गिअरबॉक्समध्ये त्या रिंगच नसतात; गिअर खुंट्यांनी थेट अडकतात. गिअर झटक्यात टाकावा लागतो, आणि जळगावच्या बाजारपेठेतल्या संथ गर्दीत तो छळ ठरतो. इंग्लंडच्या जुन्या मिनी या मोटारीत इंजिनकडून खालच्या गिअरबॉक्सकडे शक्ती नेणारे ड्रॉप गिअर तेवढे सरळ दातांचे बसवण्याचा मधला मार्ग आहे; 800 चा गिअरबॉक्स इंजिनाच्या बाजूला असल्याने येथे तो उपलब्ध नाही.

ज्यांची गाडी चाळीसगावहून कन्नड घाट चढते किंवा सुटीत तोरणमाळला जाते, त्यांनी हेलिकलच ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. स्पर्धेच्या संचात पहिला गिअर बहुधा लांब, म्हणजे जास्त वेगाचा पण कमी ओढीचा, ठेवलेला असतो. चार माणसे आणि सामान घेऊन घाटात केळीच्या ट्रकमागे थांबून पुन्हा निघताना क्लच जळण्याची वेळ येते. शिवाय मूळ इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जेमतेम 59 न्यूटन-मीटर आहे. एवढ्याने दात सहसा तुटत नाहीत, झिजतात त्या सिंक्रो रिंग आणि बेअरिंगे. करकरीचे कारण तेथेच असते, आणि दात सरळ केल्याने ते जात नाही.

इंजिन बदलून शक्ती दुपटीच्या घरात नेलेली असेल आणि गाडी मुख्यतः स्पर्धेतच धावणार असेल, तर सरळ दात जरूर घ्यावेत. पण सिंक्रोसह, शेवटच्या जोडीसह आणि नव्या बेअरिंगांसह. दात कापून देणाऱ्याकडून पोलादाची प्रत आणि उष्णता-प्रक्रियेनंतरची कठीणता लेखी घ्यावी, आणि जुने गिअर भंगारात न देता तेल लावून जपून ठेवावेत.