पहिली क्रूझ कुठून धरावी: मुंबईहून की सिंगापूरहून?

घरात क्रूझचा विषय निघाला की चर्चा बहुधा दोन पर्यायांवर येऊन थांबते. एक, मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून सुटून गोवा किंवा लक्षद्वीपला जाऊन येणारी कॉर्डेलिया कंपनीची क्रूझ. दुसरा, विमानानं सिंगापूर गाठायचं आणि तिथून मलाक्काच्या सामुद्रधुनीतून पेनांग, फुकेतकडे जाणारं मोठं जहाज धरायचं. जाहिरातींत दोन्हीकडे निळं पाणी आणि हसरी कुटुंबं सारखीच दिसतात, म्हणून लोक नुसते भाव बघून ठरवतात. तसं करू नका. या दोन सहलींचा पिंडच वेगळा आहे. कोणती घ्यायची हे तुमच्याबरोबर कोण येणार आहे यावरून ठरवा.

माझं मत आधीच सांगते. आईवडील किंवा सासूसासरे बरोबर आहेत, सगळ्यांचे पासपोर्ट नाहीत आणि समुद्रावर निभेल का अशी धाकधूक आहे, तर मुंबईहून लक्षद्वीपची चार-पाच दिवसांची फेरी घ्या. दहा ते सोळा वर्षांची मुलं हे मुख्य कारण असेल, तर सिंगापूर. मुंबई-गोवा ही शनिवार-रविवारची छोटी फेरी मात्र ‘क्रूझ कशी असते ते बघू तरी’ एवढ्याचसाठी घेऊ नका. पहिला दिवस रांगा, तपासणी, सुरक्षेची कवायत आणि जहाजावरचे रस्ते शोधण्यात जातो. जरा रुळतो न रुळतो तोच रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायची सूचना येते. शिवाय सुट्टीच्या दिवशी मित्रमंडळींचे मोठे गट असतात आणि रात्री उशिरापर्यंत संगीत चालतं. तरुणांना ते आवडतं, तुमच्या आईला आवडेलच असं नाही. एवढ्यावरून क्रूझ आपल्याला जमत नाही असं ठरवणारी माणसं पाहिली की मला वाईट वाटतं.

जहाज: एक मध्यम, एक अवाढव्य

कॉर्डेलियाचं ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० मध्ये रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीसाठी बांधलेलं. २०२१ च्या सप्टेंबरपासून ते मुंबईहून फिरू लागलं. लांबी सुमारे २११ मीटर, अकरा मजले. जुन्या बांधणीचं असल्यामुळे आतल्या खोल्या लहान आहेत आणि बाल्कनीच्या खोल्या मोजक्याच. पण या आकाराचा एक मोठा फायदा ज्येष्ठांना होतो. दोन दिवसांत जहाज पाठ होतं. लिफ्टमधून बाहेर पडून जेवणाची जागा शोधत फिरावं लागत नाही आणि आजोबा एकटे डेकवर गेले तरी वाट विचारत परत येऊ शकतात. आजूबाजूला हिंदी, गुजराती, मराठी कानावर पडते. जेवण भारतीय माणसाला समोर ठेवून केलेलं असतं, जैन जेवणाचीही सोय आहे.

सिंगापूरहून २०२२ पासून फिरणारी ‘गेंटिंग ड्रीम’ ३३५ मीटर लांब आहे आणि आकारमानात एम्प्रेसच्या तिप्पट. पाण्याच्या घसरगुंड्या, दोरांवरची कसरत, मुलांचे वेगळे विभाग आणि बहुसंख्य खोल्यांना बाल्कनी. तिथं भारतीय प्रवासी भरपूर असल्यामुळे शाकाहारी आणि जैन जेवणाची चिंता नाही. रॉयल कॅरिबियनची क्वांटम वर्गातली जहाजंही हंगामानुसार सिंगापूरहून सुटतात. त्यांच्यावर माणसांना समुद्रापासून तीनशे फूट उंच नेणारी काचेची कुपी आहे, आणि थोरामोठ्यांनाही लहान मूल करून टाकील अशी ती गोष्ट आहे. मात्र या जहाजांची जागा दर हंगामात बदलते. आधी तारीख आणि मग जहाज असा क्रम न ठेवता कोणतं जहाज आहे ते बघूनच तारीख पक्की करा. रॉयल कॅरिबियनच्या जहाजावर जैन किंवा बिनकांदा-लसणाचं जेवण हवं असेल तर आरक्षणाच्या वेळीच नोंदवून ठेवावं.

मुलांसाठी सिंगापूर म्हणते ते यामुळेच. तिथं जहाज हेच मुक्कामाचं ठिकाण असतं, बंदरं त्यामानानं दुय्यम. मुंबईच्या फेरीत उलट आहे.

बंदरावर उतरल्यावर

गोव्याला जहाज मुरगाव बंदरात लागतं, पणजीत नाही. तिथून कळंगुट-बागा गाठून परत येण्यात दिवसाचा मोठा भाग रस्त्यावर जातो. त्यापेक्षा जुनं गोवं, किंवा ज्यांचं कुलदैवत त्या बाजूला आहे त्यांनी मंगेशी, शांतादुर्गा करावं. गाडी आधी ठरवली तर दर्शन घेऊन निवांत परत येता येतं. जहाजावर परतायची वेळ सांगितलेली असते तिच्या तासभर आधीचीच वेळ गाडीवाल्याला सांगा. उशीर झाला तर जहाज थांबत नाही.

लक्षद्वीपच्या बाबतीत एक गोष्ट एजंट सहसा आपणहून सांगत नाहीत. तिथं एवढ्या मोठ्या जहाजाला लागायला धक्का नाही. जहाज बाहेर नांगर टाकतं आणि माणसांना छोट्या होडीत उतरवून बेटावर नेतात. हलणाऱ्या होडीत पाऊल टाकताना हात द्यायला माणसं असतात, तरी गुडघ्याचं दुखणं असलेल्यांना ते अवघड जातं. समुद्र खवळलेला असेल तर बेटावर उतरणं रद्दही होतं, आणि ती शक्यता मनाशी धरूनच जावं. पण उतरता आलं तर खाजणातलं ते हिरवं-निळं, कमरेएवढं, तळ दिसणारं पाणी आणि त्याखालची प्रवाळं बघायला कोकणच्या माणसानंही मुद्दाम जावं. भारतातच, पासपोर्टशिवाय, असं पाणी दुसरीकडे क्वचितच मिळेल. ज्यांना होडी झेपणार नाही त्यांच्यासाठी कोचीचा थांबा असलेली फेरी बघा. तिथं जहाज धक्क्याला लागतं आणि फोर्ट कोची, मट्टनचेरी आरामात होतं.

सिंगापूरच्या फेऱ्यांत पेनांग मला सगळ्यात आवडतं. जहाज थेट जॉर्ज टाउनच्या धक्क्याला लागतं आणि २००८ पासून जागतिक वारसा यादीत असलेलं ते जुनं शहर पायी फिरता येतं. पोर्ट क्लांग म्हणजे क्वालालंपूर असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं, पण शहर तिथून गाडीनं तासाभराहून जास्त आहे. फुकेतला बऱ्याचदा लक्षद्वीपसारखंच होडीतून उतरावं लागतं.

बोट लागण्याची भीती

कोकणातल्या घरांमध्ये ही भीती आजही ताजी आहे. भाऊच्या धक्क्यावरून निघून जयगड, रत्नागिरी, देवगड, मालवण करत जाणाऱ्या बोटींच्या आठवणी ज्यांच्याकडे आहेत, त्यांना समुद्र म्हटलं की आधी पोटातलं ढवळणं आठवतं. त्यांना समजावून सांगा की त्या बोटी या जहाजांपुढे फार लहान होत्या. आताच्या जहाजांच्या दोन्ही अंगांना पाण्याखाली पंखांसारखी फळी असते, तिनं जहाजाचं आडवं डुलणं बरंच कमी होतं. पुढं-मागं होणारी हालचाल मात्र ती पूर्ण थांबवू शकत नाही.

खरा फरक ऋतूचा आणि जागेचा. अरबी समुद्र ऑक्टोबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत शांत असतो, मे अखेरीस बिघडू लागतो आणि पावसाळ्यात मुंबईहून क्रूझचा विचारच करू नये. मलाक्काच्या सामुद्रधुनीला एका बाजूनं सुमात्रा आणि दुसऱ्या बाजूनं मलाय द्वीपकल्प अशी दोन्हीकडून आड आहे, त्यामुळे ती जवळजवळ बाराही महिने संथ. बोट लागण्याचीच धास्ती असेल तर हा सिंगापूरच्या बाजूनं मोठा मुद्दा आहे. फक्त फुकेतचा किनारा त्या आडोशाबाहेर उघड्या समुद्रावर आहे आणि मे ते ऑक्टोबर तिथं आपल्यासारखाच पावसाळा असतो.

खोली निवडताना खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मध्यावरची घ्या. तिथं हालचाल सगळ्यात कमी जाणवते. वरच्या मजल्यावरची, टोकाची बाल्कनी महाग असते आणि डुलतेही जास्त. गोळी कोणती घ्यायची ते घरच्या डॉक्टरांना विचारून ठेवा, विशेषतः रक्तदाबाची किंवा प्रोस्टेटची औषधं चालू असतील तर. आणि ती मळमळ सुरू झाल्यावर नाही, आधी घ्यायची असते. आलेपाक बरोबर ठेवाच.

कागदपत्रं आणि पोचणं

मुंबईची फेरी इथं सरळ जिंकते. देशातल्या फेरीला सरकारी ओळखपत्र पुरतं. लक्षद्वीपला प्रवेशाचा परवाना लागतो, तो कंपनी काढते, पण फॉर्म वेळेत आणि ओळखपत्रावरच्या नावाप्रमाणेच भरायचा. कोल्हापूरहून महालक्ष्मी किंवा नागपूरहून विदर्भ एक्सप्रेसनं सीएसएमटीला उतरलं की बॅलार्ड पिअर टॅक्सीनं थोड्याच मिनिटांवर. गाडीला उशीर झाला तर म्हणून शक्यतो आदल्या दिवशीच मुंबईत या.

सिंगापूरला पासपोर्ट परतीनंतरही किमान सहा महिने चालणारा हवा. व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा, कारण जहाज देशाबाहेर जाऊन परत येतं, म्हणजे तुमचा प्रवेश दोनदा होतो. सिंगापूरचं आगमन कार्डही तसंच: विमानानं उतरताना एकदा आणि जहाजानं परतताना पुन्हा. मलेशिया आणि थायलंडची ऑनलाइन कार्डं वेगळी. या देशांचे व्हिसाचे नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले आहेत, तेव्हा निघायच्या महिन्यात अधिकृत संकेतस्थळावर पुन्हा खात्री करा. जहाज सुटण्याच्या दिवशीच सकाळी विमानानं उतरायचा बेत कधीही करू नका.

पैशांचा खरा हिशोब

दोन्हीकडे जाहिरातीतला आकडा एका खोलीत दोघं राहणार असं धरून दर माणशी असतो. त्यावर बंदराचं शुल्क, कर आणि सेवाशुल्क चढतं. सिंगापूरच्या जहाजांवर सेवाशुल्क दर माणशी दर रात्री डॉलरमध्ये लागतं, मुलांनाही. चौघांचं चार रात्रींचं मिळून चांगलीच रक्कम होते. त्यात विमान, व्हिसा, प्रवास विमा आणि सिंगापुरातले किमान दोन दिवस धरले की खरा आकडा समोर येतो. टूर पॅकेज घेतलं तर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच आगाऊ घेतला जाणारा आयकर, कापला जातो. तो रिटर्नमध्ये परत मिळतो, पण पैसे तोपर्यंत अडकतात.

तिसऱ्या आणि चौथ्या माणसाला त्याच खोलीत बरीच सवलत असते, आणि चौकोनी कुटुंबासाठी सिंगापूर आवाक्यात येतं ते यामुळे. याउलट एकट्या माणसाला बहुधा दोघांचे पैसे भरावे लागतात.

फोन किनाऱ्यापासून दूर जाताच विमान मोडवर टाका. जहाजाच्या उपग्रह नेटवर्कनं आपोआप पकडला तर बिल बघून सुट्टीचा आनंद जाईल. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की दिवसभर फोन लागणार नाही.

सामानातलं थोडं

मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतल्या जातात आणि खोलीच्या दाराशी यायला काही तास लागतात. औषधं, कागदपत्रं, चष्मा, मुलांचे पोहायचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. इस्त्री आणि पाण्याची किटली चालत नाही.

सिंगापूरला जाताना एक काळजी खास आपल्या लोकांसाठी. खसखस तिथं बंदी असलेल्या मालात मोडते. दिवाळीच्या सुट्टीत निघणार असाल तर फराळातले अनारसे घरीच ठेवा. तंबाखूची पुडी, गुटखा, च्युइंगम यांनाही मनाई आहे. काकांना हे निघण्याआधी स्पष्ट सांगा, विमानतळावर नाही.

आरक्षण करताना तीन पिढ्या असाल तर आतून दार असलेल्या दोन लागून खोल्या मागा. त्या मोजक्याच असतात आणि आधी संपतात, म्हणून दिवाळी किंवा मे महिन्याच्या सुट्टीसाठी पाच-सहा महिने आधी बोला. चार माणसांच्या खोलीत दोन पलंग भिंतीतून वर उघडतात आणि शिडीनं चढावं लागतं. कोण वर झोपणार हे घरी ठरवूनच एजंटला खोली सांगा. गरोदर बाई बरोबर असेल तर आठवड्यांची मर्यादा आधी विचारा, बहुतेक कंपन्या चोविसाव्या आठवड्यापुढे घेत नाहीत. सहा महिन्यांखालच्या बाळांनाही सहसा प्रवेश नसतो.