गिटार: घरी येणारे सर की क्लास?

सोसायटीतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी नऊ वर्षांची, घर ठाण्यात घोडबंदर रोडला. सर घरी बोलवायचे की नौपाड्यातला क्लास लावायचा?

घरचे सर महाग पडतात, त्यांचा येण्याजाण्याचा वेळ फीमध्येच येतो. पण संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून मुलीला नेणं-आणणं हाही खर्चच.

खरा फरक हाताकडे लक्ष देण्यात आहे. बोट फ्रेटपासून (गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्टीपासून) लांब पडलं की तार खरखरते, मनगट जास्त वाकलं की दुखतं. एकच विद्यार्थी समोर असेल तर हे तिथल्या तिथे सुधारतं, आठ-दहा मुलांत सुटून जातं. म्हणून ताईंना मी सरच सुचवले. क्लासमध्ये मात्र सोबत मिळते, ताल धरून एकत्र वाजवायची सवय लागते.

कुठेही जा, आधी एक ट्रायल घ्या. लहान मुलांना थ्री-फोर्थ आकाराची, नायलॉन तारांची गिटार द्या. स्टीलच्या तारांनी बोटं दुखली की गिटार कोपऱ्यात जाते.

अगदी नवशिकी मुलं आणि ऑफिसच्या वेळा सांभाळणारी मोठी माणसं यांना घरचे सर बरे. हात बसलाय, आता ग्रेड परीक्षा द्यायची किंवा बँडमध्ये वाजवायचंय, त्यांनी क्लास धरावा.